लांडे सरांचं सहावं अक्षर

शनिवार, पोळ्याच्या आधीचा. सकाळी अकरा. स्थळ: आमच्या तंत्रनिकेतनाचा परीक्षा विभाग, अमरावती. हजर: प्राचार्य, नव्या संगणक प्रणालीच्या कंपनीकडून नागपूरहून आलेल्या इंजिनिअर श्वेता मॅडम, परीक्षा विभागाची अधीक्षक म्हणून मी. गैरहजर: लांडे सर. सर तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, त्यामुळे त्यांना बोलावण्याचा प्रश्न नव्हता. तरी दीड तासाच्या बैठकीत सव्वा तास त्यांच्याबद्दलच बोलणं झालं, म्हणून त्यांचं नाव नोंदवून ठेवते.

सरांना ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांना आधी त्यांच्या केबिनच्या दाराबद्दल सांगायला हवं. दारावर नाव नव्हतं, पद नव्हतं. एक पुठ्ठा टांगलेला होता आणि त्यावर लिहिलं होतं: "वापर: टकटक एकदा. नाव. काम. किती मिनिटं. एवढं आधी. बाकी बोलणं नंतर."

कोणी हे न वाचता आत आलं आणि "सर, ते जरा..." असं सुरू केलं, तर सर उठत, त्या माणसाला हाताला धरून दारापर्यंत आणत आणि पुठ्ठा पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून दाखवत. आवाज चढत नसे. वाचून झालं की परत खुर्चीत बसत आणि म्हणत, "हं, आता चालू करा."

एकदा प्राचार्यच आले होते. म्हणाले, "लांडे, ते प्रयोगशाळेचं जरा बघून घ्या."

सर म्हणाले, "सर, 'जरा' हा अनोळखी पर्याय हाय."

प्राचार्य गेले ते आठ दिवस आमच्या मजल्यावर फिरकले नाहीत.

लांडे सर सी ही भाषा शिकवत. मूळचे हिवरखेडचे, घरी वांगी-मिरचीची बाडी, वडील बाजारात भाजी घेऊन बसत. संगणक सरांनी पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागण्याच्या मुलाखतीत, असं ते स्वतःच सांगत. पुढे भाषा बदलल्या, अभ्यासक्रम बदलले, सर मात्र सी सोडायला तयार नव्हते. "बाकीच्यायले येऊ द्या," म्हणत, "मी हाय इथंच."

त्यांचा लाडका धडा एकच. प्रोग्रॅम सुरू करतानाच त्याला काय काय सांगायचं आणि प्रोग्रॅमने ते कसं समजून घ्यायचं. मला सी येत नाही, पण हा धडा मी इतक्या वेळा ऐकलाय की क्रमवार सांगू शकते. काळ्या पडद्यावर प्रोग्रॅमचं नाव टाइप करायचं. त्याच्यापुढे डॅश आणि एक अक्षर. हा झाला पर्याय. म्हणजे "हे असं कर" असं सांगणं. काही अक्षरं एकटी पुरतात, काहींना पुढे आणखी काही लागतं: खोल्यांची फाईल कोणती, बाकं किती. प्रोग्रॅमच्या पोटात या अक्षरांची एक ओळ लिहून ठेवलेली असते. ज्या अक्षराला पुढे काही लागतं, त्याच्या शेजारी कोलन घालायचा. मग गेटऑप्ट नावाची एक तयार सोय असते, ती त्या ओळीकडे बघत आलेले पर्याय एकेक करून वेचते, कापूस वेचावा तसे. ओळीत नसलेलं अक्षर आलं, की प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि "वापर" छापतो, म्हणजे आपल्याला कसं बोलवायचं ते सांगतो.

"पायजा मॅडम," सर म्हणत, "किती सभ्य हाय. रागवत नाई, अंदाज लावत नाई. म्हनते, बाप्पा, असं नाई, असं सांग."

अंदाज लावणं हा सरांच्या हिशेबी सगळ्यात मोठा गुन्हा. कँटीनमध्ये रोज चार वाजता ते काउंटरसमोर उभे राहून म्हणत, "चहा. अर्धा. बिनसाखरेचा. काचेच्या गिलासात."

कँटीनवाला गजानन एकदा वैतागला. "सर, वीस वर्षं झाले. मले मालूम नाई का तुमचा चहा?"

"तुले मालूम हाय तो कालचा चहा. आजचा मी सांगून राहिलो."

"आज काई वेगळा हाय का मंग?"

"नाई. तोच हाय. पन तू इचारलं नाई ना."

गजानन माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, यायले तुमी कसं सांभाळता?" मी म्हटलं, मी सांभाळत नाही, पुठ्ठा वाचते.

लग्नाचं आमंत्रण द्यायला कोणी आलं आणि "सर, यायचं बरं का," एवढंच म्हणालं, तर सर बोटांवर मोजून सांगत, "कोनाचं, कवा, कुठं. तीन पर्याय रायले तुमचे." पत्रिका पुढे केली की वाचत नसत. छापलेलं वेगळं आणि माणसानं तोंडानं सांगितलेलं वेगळं, असं त्यांचं मत. पण एकदा तिन्ही गोष्टी सांगितल्या की माणूस लग्नाला येणार म्हणजे येणारच, मग ते परतवाड्याला असो की पार जळगावला, आणि मांडवात सगळ्यांच्या आधी.

स्टाफरूममधल्या माणसांचेही त्यांनी दोन गट पाडले होते. कोलनवाले आणि बिनकोलनचे. गजानन बिनकोलनचा, त्याला काही लागत नाही, हाक मारली की काम सुरू. प्राचार्य कोलनवाले, त्यांच्यापुढे 'साहेब' लावल्याशिवाय ते चालत नाहीत. मी एकदा विचारलं, "आन मी?"

"तुमी तर पक्क्या कोलनवाल्या, गावंडे मॅडम. तुमाले प्रत्येक गोष्टीपुढं कारन लागते."

मला ते तेव्हा कौतुकच वाटलं. परीक्षा विभाग कारणांवरच चालतो. कारणाचा रकाना कोरा असलेला अर्ज मी कधी घेतला नाही.

आणखी एक सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. दोन डॅश लागोपाठ आले, की प्रोग्रॅमला समजतं: पर्याय संपले, यापुढे येईल ते जसंच्या तसं घ्यायचं, त्यात काही शोधायचं नाही. सर हे बोलताना वापरत. वर्षातून फार तर दोनदा. "डॅश डॅश" म्हणाले की पुढचं वाक्य त्यांच्या आतलं असे. निरोप समारंभात त्यांना बोलायला उभं केलं, तेव्हा त्यांनी आधी माइक सरळ केला. मग म्हणाले, "डॅश डॅश. मले इथून जायचं नाई. पन जातो." आणि जागेवर जाऊन बसले. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आता मूळ मुद्दा. सरांनी आमच्यासाठी सी मध्ये एक प्रोग्रॅम लिहिला होता. नाव 'बैठक'. परीक्षेला कोणता विद्यार्थी कोणत्या खोलीत, कोणत्या बाकावर, हे तो ठरवायचा. त्याच्याआधी हे काम आम्ही चार जणं तीन दिवस हातानं करत असू; बैठक ते दोन सेकंदांत करून कागद छापून देई. सरांनी सगळा प्रोग्रॅम छापून दोरीच्या फाईलमध्ये मला दिला होता आणि बजावलं होतं, "जे वापरात लिवलं नाई ते प्रोग्रॅममध्ये नाई पायजे. लपवून ठेवलेला पर्याय म्हनजे लबाडी."

बैठकमध्ये एकच खोट होती. खोल्यांचा क्रम दर परीक्षेला बदलायचा. कधी नंबर खोली सातपासून सुरू होत, कधी खोली तीनपासून, एकदा तर मधूनच खोली अकरापासून. शिपायांना त्रास, पर्यवेक्षकांना त्रास. मी तशी लेखी टीप दिली. प्राचार्यांनी सरांकडून खुलासा मागवला. सरांचा खुलासा एका ओळीचा होता: "प्रोग्रॅमची तशी सवय आहे." ती ओळ स्टाफरूममध्ये कितीतरी दिवस फिरली. कोणी उशिरा आलं की म्हणे, माझी तशी सवय आहे.

निवृत्तीनंतर सर अकोल्याला राहायला गेले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, पुण्याला मुलाकडे असतात, नात लहान आहे. सर म्हणाले, पुण्यात आपल्याले जमत नाई, तिथं सगळे अंदाजानं बोलतात. पण दर परीक्षेच्या आधी त्यांचा फोन येई: "बैठक कवा चालवाची? मी येतो." मी म्हणे, सर, पाच अक्षरं टाइप करायची आहेत, मी करते ना. तरी ते येत. पॅसेंजरनं बडनेरा, तिथून ऑटो, हातात डबा. मला म्हणत, "मॅडम, तुमी जरा बाहेर बसा." 'जरा' हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढ्याच वेळी ऐकला. दोन सेकंदांचं काम, दहा मिनिटं दार बंद. मग डबा खाऊन परत जात. आम्ही सगळे म्हणायचो, म्हाताऱ्याला सुटत नाही.

तर शनिवारची बैठक. या हिवाळी परीक्षेपासून नवी प्रणाली येणार. श्वेता मॅडम म्हणाल्या, जुना प्रोग्रॅम काय काय करतो त्याची यादी सोमवारी अकरापर्यंत द्या, तेवढं सगळं नव्यात घालून देतो. याद्या माझ्याकडेच येतात. दुपारी मी दोरीची फाईल काढली. आधी 'वापर' जिथे छापला जातो ते पान: पाच अक्षरं. मग पोटातली ती ओळ. पेन्सिलीनं एकेक अक्षर जुळवत गेले. ओळीत सहा होती.

सहावं क्यू होतं आणि त्याच्याशेजारी कोलन. (अक्षर मी इथे बदलून लिहिते आहे. का, ते पुढे येईल.)

श्वेता मॅडम अजून तिथेच होत्या. त्यांना दाखवलं. म्हणाल्या, "जुन्या कोडमध्ये असं असतं, मॅडम. कधीतरी काही करून बघितलेलं असतं, काढायचं राहतं. सोडून द्या."

न जुळणारी यादी मी आजवर सोडलेली नाही. त्या गेल्यावर मी जुना संगणक सुरू केला. क्यूपुढे काहीतरी लागत होतं. काय, ते माहीत नव्हतं. खोली क्रमांक घालून पाहिला, वापर छापून आला. तारीख घातली, पुन्हा वापर. मग एका विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक घातला, आणि कागद छापून आला. नेहमीसारखाच दिसत होता. फक्त खोल्यांचा क्रम बदलला होता.

क्यूशिवायचा कागद काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. मी ज्याचा क्रमांक घातला होता, तो आधी तिसऱ्या मजल्यावर, मधल्या रांगेत होता. आता तो तळमजल्यावर, दाराजवळच्या पहिल्या बाकावर आला होता. त्याला उचलून तिथे ठेवलेलं नव्हतं. क्रमांक सगळे ओळीनंच होते. तो आपसूक तिथे यावा म्हणून बैठकनं सगळं कॉलेज पुढे सरकवलं होतं.

मी काय केलं ते सांगायला हवं. मी कपाटातून गेल्या सगळ्या परीक्षांचे कागद काढले. ज्या ज्या वेळी क्रम बदलला होता, त्या वेळी तळमजल्यावर दाराजवळच्या पहिल्या बाकावर कोण होतं ते लिहून घेतलं. अकरा नावं निघाली. स्वच्छ कागदावर उतरवली: अनुक्रमांक, नाव, वर्ष. शेवटचा रकाना आखून कोरा ठेवला. वर लिहिलं, कारण. तो सरांकडून भरून घ्यायचा होता. माझी खात्री झाली होती, की सर ओळखीच्या मुलांची सोय लावत होते. आणि सरांबद्दल असं काही आपल्याला कळावं, याचं मला फार वाईट वाटत होतं.

रविवारी सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेले. सरांच्या घराच्या दारावरही पुठ्ठा आहे. मजकूर तोच, फक्त शेवटी एक ओळ जास्त: "काम नसलं तरी चालते." अक्षर नंतरचं, वेगळ्या पेनचं.

मी टकटक केली, एकदा. "गावंडे. बैठकचं काम. तीस मिनिटं."

आतून आवाज आला, "या. बसा. चहा कसा?"

"पूर्ण. साखर कमी. कपात."

सरांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. सरांनी चहा करून आणला. नवी प्रणाली येते आहे हे मी सांगितलं. ते आपल्या गिलासातल्या चहाकडे बघत राहिले. "मंग दिवाळीनंतर मी येऊ नोको का?"

"यायची गरज नाही पडणार, सर."

"हं."

मग मी पर्समधून यादी काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवत अकराही नावं वाचली. शेवटचा रकाना पाहिला. कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"नऊ बरोबर हायेत," ते म्हणाले. "दोन चुकले. ते आपोआप आले होते तिथं." थोडं थांबून म्हणाले, "मॅडम, हा कागद घेऊन तुमी गाडीत बसल्या? लोकं होते ना बाजूले?"

"सर, त्यात काय आहे? मले खरं सांगा, कोन हायेत हे?"

"कोलन," सर म्हणाले. पण हसले नाहीत.

बाहेर कोणीतरी बैलाच्या झुली वाळत घालत होतं, तिकडे सर बघत राहिले. मग म्हणाले, "डॅश डॅश."

मी कप खाली ठेवला.

"परतवाड्याची एक पोरगी होती. दुसऱ्या वर्षाले. तिले फिट यायचे. हुशार होती, सी मधला पोइंटर भल्याभल्यायले समजत नाई, तिले पयल्याच दिवशी समजला. तिनं अर्ज देला, मले खालच्या मजल्यावर, दाराजवळ बसवा, म्हनजे आली तर बाहेर नेता येईन. अर्ज मंजूर झाला. बरोबर झाला."

"मग?"

"मंग यादी लागली. नोटीसबोर्डावर. विशेष बैठक व्यवस्था. नाव, वर्ग, कारन."

मला तो बोर्ड दिसला. पोर्चमधला, काचेचा, दोन कुलपांचा.

"सगळ्यायनं वाचलं. पयल्या पेपरले ती दाराजवळ बसली, अन येनारा-जानारा तिच्याकडं पाहून राहिला, कवा येते म्हनून. फिट आलीच नाई. पन दुसऱ्या पेपरले ती बी आली नाई. मी घरी गेलो, दोनदा. तिची माय म्हने, सर, आता सगळ्यायनं पायलं. बस. एवढंच."

(त्या मुलीचं गाव मी बदललं आहे.)

मी विचारलं, "सर, ती यादी कोणी केली होती?"

सरांनी माझ्या कपात उरलेला चहा ओतला. "चांगली यादी होती, मॅडम. अक्षर सुंदर होतं."

त्या काळात परीक्षा विभागात याद्या मी एकटीच लिहीत असे.

थोड्या वेळानं सर आपणहून बोलायला लागले, जणू आम्ही प्रयोगशाळेत बसलो आहोत. एखाद्याला उचलून दाराजवळ ठेवलं तर क्रमांक तुटतो, आणि तुटलेला क्रमांक लगेच दिसतो. म्हणून मग सगळेच हलवायचे. एका परीक्षेला दोन जण निघाले, तेव्हा फार अवघड गेलं, दोन रात्री लागल्या. वापरात लिहिलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं हे कशासाठी, मग कोणासाठी. ज्यांना सांगायचं असे ते सरांना येऊन सांगत. कोणाला फिट, कोणाला बंद खोलीत श्वास कोंडतो, एकीचं बाळ तीन महिन्यांचं, बाहेर आजीजवळ. त्यांनी पुढच्यांना सांगितलं असेल. निवृत्तीनंतरही फोन येत राहिले.

"खुलासा मागवला तेव्हा सांगायचं होतं," मी म्हटलं.

"कोनाले सांगू? टीप तुमची होती."

मी विचारलं, "ती आता काय करते?"

"फुलाचं दुकान हाय. बाडीतलेच झेंडू-शेवंती. सहा महिन्यातून एकदा जातो. मले पायलं का हार बांधून देते, नाई म्हनू देत नाई. मले हाराचं काम नाई, घरी देवपूजा म्या कवा केली. परत येतानी एसटीच्या डायवरले देतो. तो आता ओळखते. म्हनते, सर, आज शेवंतीचा हाय वाटते."

तिच्याशी काय बोलता, हे मी विचारलं नाही. सर स्वतःच म्हणाले, "बोलनं काई नाई. पाऊसपानी. एकदा म्हने, सर, पोइंटर अजून येते मले." चष्मा काढून पुसत राहिले.

मी टेबलावरचा उलटा कागद घेतला, चार तुकडे केले आणि पर्समध्ये टाकले. मग मी विचारलं, "या परीक्षेला कोणी आहे?"

ते माझ्याकडे बघत राहिले. तेवीस वर्षं सोबत काम केलेल्या माणसानं आपल्याकडे असं बघावं, हे मी विसरू शकणार नाही. त्यांना खरोखरच ठरवता येत नव्हतं.

"हाय एक," शेवटी म्हणाले. "मायचा फोन आला होता."

मी सवयीनं पर्समधून पेन काढलं. सरांनी पेनकडे पाहिलं. मी टोपण लावून ते परत ठेवलं. मग त्यांनी नोंदणी क्रमांक सांगितला. एकदाच, आकडा-आकडा सुटा करून. मी पुन्हा म्हणून दाखवला. त्यांनी मान हलवली. नाव सांगितलं नाही, कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

निघताना मी म्हटलं, हे सगळं कधी लिहून काढलं तर चालेल का. ते म्हणाले, "लिहा. पन वापर सांगू नोका."

गाडीत बडनेऱ्यापर्यंत तो क्रमांक मनात म्हणत आले. फलाटावरच्या बाकावर बसून श्वेता मॅडमना फोन लावला. सुटीच्या दिवशी त्रास दिल्याबद्दल क्षमा मागितली आणि म्हटलं, "नव्या प्रणालीत एक पर्याय जास्तीचा लागेल."

"हो मॅडम, सांगा ना. स्क्रीनवर बटण देते त्याचं."

"बटण नको. मदतीच्या पानावर नको. छापील कागदावर काही उमटायला नको. आणि कारणाचा रकाना नको."

मग मी तो पर्याय काय करतो ते सांगितलं. कोणासाठी, ते नाही. त्या ऐकत होत्या. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"करता येईल," त्या म्हणाल्या. "कठीण नाही. पण मॅडम, हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर तुमच्यानंतर असा पर्याय आहे हे कळणार कोणाला?"

सोमवारी कळवते, असं सांगून मी फोन ठेवला.

माझ्या नोकरीची चार वर्षं उरली आहेत. परीक्षा विभागात माझ्या हाताखाली तीन माणसं आहेत, तिघंही कामाला चोख. ऑटोत बसल्यावर तिघांची नावं एकेक करून डोक्यात घेतली, कागदावर उतरवली नाहीत. एक फार बोलतो. एकीला सगळं विचारून घ्यायची सवय आहे, ती मीच लावली. तिसरा नवा आहे, त्याच्याबद्दल मला अजून पुरेसं माहीत नाही.

उद्या अकराला यादी द्यायची आहे. पाच ओळी लिहून झाल्या. कोणाला सांगायचं, ते ठरायचं आहे.